अर्ज, जागा आणि गुण : इंग्लंडमधील ‘इलेव्हन-प्लस’ निवडीचा इतिहास

विषयप्रवेश

निवडक माध्यमिक शाळांच्या प्रवेशाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा प्रश्नपत्रिकेवर केंद्रित होते. बुद्धी मोजता येते काय, ती जन्मजात असते की संस्कारजन्य, हा वाद विसाव्या शतकात इतका गाजला की त्याच्या आधीचे दोन साधे प्रश्न मागे पडले. परीक्षेला बसण्यासाठी अर्ज कोण करतो, आणि परीक्षेच्या शेवटी जागा किती असतात, हे ते दोन प्रश्न होत. इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलांची विभागणी करणाऱ्या, ‘इलेव्हन-प्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षेचा इतिहास या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अर्ज न करणारे मूल

१९०२ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये स्थानिक शिक्षण प्राधिकरणांकडे माध्यमिक शिक्षणाची जबाबदारी आली. तथापि माध्यमिक शाळा सशुल्कच राहिल्या. १९०७ च्या नियमांन्वये पूर्ण सरकारी अनुदान हवे असणाऱ्या माध्यमिक शाळांनी साधारणपणे २५ टक्के जागा प्राथमिक शाळांतून येणाऱ्या मुलांसाठी मोफत ठेवाव्यात असे ठरले. या मोफत जागांसाठी जी स्पर्धा सुरू झाली तिला लोक ‘स्कॉलरशिप’ म्हणू लागले. फी भरणाऱ्या कुटुंबातील मूल सोप्या कसोटीवर आत जाई. कामगाराच्या मुलाला मात्र चढाओढीत उतरावे लागे. जागा मिळूनही ती नाकारणारी कुटुंबे होती. गणवेशाचा खर्च आणि मुलाच्या बुडणाऱ्या कमाईचा हिशोब त्यांना परवडत नसे.

पहिल्या महायुद्धानंतर नॉर्थम्बरलँड परगण्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांसमोर एक वेगळीच अडचण उभी राहिली. खाणकामगारांच्या वस्त्यांतील व डोंगराळ भागातील काही प्राथमिक शाळांतून या स्पर्धेसाठी मुलेच येत नव्हती. त्या शाळांत हुशार मुले नाहीत, की त्यांना कोणी परीक्षेला बसवतच नाही, हे कळण्यास नेहमीची परीक्षा निरुपयोगी होती, कारण ती शिकवलेल्या अभ्यासाची होती आणि या शाळांत शिकवणेच तुटपुंजे होते. न्यूकॅसल येथील आर्मस्ट्राँग कॉलेजातील प्राध्यापक गॉडफ्रे थॉमसन यांच्याकडे हे काम सोपवण्यात आले. १९२१ मध्ये त्यांनी तयार केलेल्या चाचण्या ‘नॉर्थम्बरलँड मानसिक चाचण्या’ म्हणून प्रसिद्ध झाल्या. थॉमसन स्वतः टाइन नदीकाठच्या फेलिंग या औद्योगिक गावात वाढले होते आणि शिष्यवृत्तीच्या आधारानेच पुढे शिकले होते. १९२५ मध्ये ते एडिंबरा येथे गेले. तेथील ‘मोरे हाउस’ या अध्यापक महाविद्यालयाच्या नावाने निघालेल्या त्यांच्या चाचण्या पुढील चार दशके ब्रिटनभर वापरल्या गेल्या. या चाचण्यांचे मानधन त्यांनी स्वतःकडे न घेता संशोधन निधीस दिले, हे येथे नमूद केले पाहिजे. बुद्धिमापनाच्या इतिहासात त्यांचे नाव सिरिल बर्ट यांच्यासोबत एका दमात घेतले जाते, ते सर्वस्वी न्याय्य नाही.

सारांश, ज्या साधनाला पुढे मुलांना वगळणारे यंत्र म्हणून दोष देण्यात आला, त्याचा आरंभ अर्जच न केलेल्या मुलाच्या शोधातून झाला होता.

जागांचे गणित

१९२६ च्या हॅडो अहवालाने अकरावे वर्ष हा प्राथमिक व माध्यमिक शिक्षणामधील सांधा ठरवला. १९३८ चा स्पेन्स अहवाल व १९४३ चा नॉरवुड अहवाल यांनी मुलांच्या तीन प्रकारांना अनुरूप अशा तीन प्रकारच्या शाळांची मांडणी केली. या पार्श्वभूमीवर १९४४ चा शिक्षण कायदा आला. त्याचे शिल्पकार आर. ए. बटलर यांचा जन्म हिंदुस्थानात, अटक येथे झाला होता. त्यांचे वडील माँटेग्यू बटलर १९२५ ते १९३३ या काळात मध्य प्रांताचे गव्हर्नर होते, त्यामुळे नागपूरकरांना हे आडनाव अपरिचित नसावे. कायद्याने शासकीय व्यवस्थेतील माध्यमिक शिक्षण निःशुल्क केले. मुलाचे वय, क्षमता आणि कल यांनुसार शिक्षण मिळावे असे त्यात म्हटले होते. ग्रामर, टेक्निकल आणि सेकंडरी मॉडर्न या तीन शाळांचा मात्र त्यात उल्लेखही नाही, आणि ‘इलेव्हन-प्लस’चाही नाही. ही व्यवस्था प्रशासनाने उभी केली. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत. परिणामतः तीन वाटांच्या जागी दोन उरल्या, आणि त्यांतील एकच विद्यापीठाकडे जात होती. १९४७ मध्ये सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा पंधरा वर्षे झाली. सेकंडरी मॉडर्नमधील बहुसंख्य मुले त्या वयास कोणतेही प्रमाणपत्र हाती न घेता शाळा सोडत.

आता बहुतेक ठिकाणी प्राथमिक शाळेतील सर्वच मुले परीक्षेला बसू लागली. अर्जाचा प्रश्न बव्हंशी मिटला. नॉर्थम्बरलँडच्या अधिकाऱ्यांना जे हवे होते ते देशभर घडले, असे म्हणता येईल. परंतु दुसरा प्रश्न त्यामुळे अधिकच उघडा पडला. ग्रामर शाळेत किती मुले घ्यायची हे मुलांच्या बुद्धीवरून ठरत नव्हते. त्या परगण्यात पूर्वीपासून किती ग्रामर शाळा बांधलेल्या होत्या यावरून ठरत होते. वेल्समध्ये १८८९ च्या कायद्यामुळे माध्यमिक शाळा लवकर व मोठ्या संख्येने निघाल्या होत्या; तेथील काही ग्रामीण परगण्यांत ग्रामर शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण इंग्लंडमधील औद्योगिक शहरांच्या कितीतरी पट होते.

याचा अर्थ समजण्यासाठी गुणांकनाची पद्धत पाहणे आवश्यक आहे. चाचणीचे गुण वयानुसार जुळवून अशा रीतीने मांडले जात की सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ यावे. अशा मांडणीत जागा दहा टक्के मुलांपुरत्या असतील तर प्रवेशाची रेषा ११९ च्या आसपास पडते. २५ टक्के असतील तर ११० वर येते. ४० टक्के असतील तर १०४ पर्यंत उतरते. म्हणजे १०८ गुण मिळवणारे मूल एका परगण्यात ग्रामर शाळेत बसते, दुसऱ्यात त्याला ‘नापास’ म्हटले जाते. चाचणी निर्दोष मानली तरी हा फरक नाहीसा होत नाही. ती रेषा मुलाच्या बुद्धीत नव्हती, ती बाकांच्या संख्येत होती.

हेच मुलींच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसते. अकराव्या वर्षी मुली या चाचण्यांत सरासरीने मुलांच्या पुढे असत. गुणांनुसार सरळ यादी लावली असती तर ग्रामर शाळांत मुली अधिक भरल्या असत्या. जागा मात्र मुलांसाठी तितक्याच किंवा अधिक होत्या. तेव्हा अनेक प्राधिकरणांनी मुलामुलींच्या याद्या वेगळ्या ठेवल्या. मुली लवकर परिपक्व होतात, मुले नंतर त्यांना गाठतात, असे कारण दिले गेले. उत्तर आयर्लंडमध्ये ही पद्धत न्यायालयाने १९८८ मध्ये बेकायदेशीर ठरवली. बर्मिंगहॅममध्ये निवडक शाळांत मुलांसाठी ५४० व मुलींसाठी ३६० जागा होत्या; समान संधी आयोगाने नेलेल्या या प्रकरणात १९८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा लिंगभेद असल्याचा निर्णय दिला. १९४४ चा कायदा झाल्यावर तब्बल ४५ वर्षांनी!

चाचणीवरील टीका आणि एक अडचणीचा निष्कर्ष

पन्नाशीच्या दशकात टीकेचा रोख चाचणीकडे वळला. ब्रायन सायमन यांनी १९५३ मध्ये बुद्धिमापनाच्या गृहीतकांवरच हल्ला चढवला. सराव व शिकवणीने गुण वाढतात हे फिलिप व्हर्नन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनीच मान्य केले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या येट्स व पिजन यांच्या अभ्यासाने दाखवले की उत्तमातील उत्तम पद्धती वापरल्या तरी दहा टक्क्यांच्या आसपास मुले चुकीच्या शाळेत जातात. पुढे सत्तरीच्या दशकात, मृत्यूनंतर, बर्ट यांच्या जुळ्या मुलांविषयीच्या आकडेवारीवर गंभीर संशय व्यक्त झाला आणि या शास्त्राची पतच घसरली.

ही टीका रास्त होती. तरीही याच काळातील एका अभ्यासाकडे हवे तितके लक्ष दिले गेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जीन फ्लाउड आणि ए. एच. हॅल्सी यांनी नैर्ऋत्य हर्टफर्डशरमधील प्रवेशांचा मागोवा घेतला. तेथे निवडीतून बुद्धिमत्ता चाचणी काढून टाकण्यात आली होती. चाचणी गेल्याने कामगारवर्गातील मुलांचा मार्ग मोकळा होईल अशी अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात ग्रामर शाळेत जाणाऱ्या कामगारांच्या मुलांचे प्रमाण घटले. चाचणीच्या जागी शिक्षकांचा अभिप्राय व अभ्यासातील प्रगती यांचे वजन वाढले, आणि त्या दोन्हींत सुस्थितीतील घरांचे पारडे अधिकच जड होते. सदोष साधन काढून टाकले म्हणजे न्याय होतोच असे नाही; जागा तेवढ्याच राहिल्या तर दुसरे साधन त्याची जागा घेते, आणि ते अधिक सदोष असू शकते.

१९६५ मध्ये अँथनी क्रॉसलंड यांच्या मंत्रालयाने परिपत्रक १०/६५ काढून प्राधिकरणांना सर्वांसाठी एकच समावेशक माध्यमिक शाळा उभारण्याची विनंती केली. शब्द विनंतीचाच होता, आदेशाचा नव्हता. १९७० मध्ये मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री झाल्या, त्यांनी ते परिपत्रक मागे घेतले; पण समावेशक शाळांच्या प्रस्तावांना सर्वाधिक मंजुरी त्यांच्याच कारकिर्दीत मिळाली, हा इतिहासातील एक गमतीदार विरोधाभास होय. १९९८ च्या कायद्याने नवी ग्रामर शाळा काढण्यास बंदी घातली. इंग्लंडमध्ये आज १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत.

आणि येथे अर्ज परत आला. बकिंगहॅमशरमध्ये शासकीय प्राथमिक शाळांतील मुलांची नावे आपोआप परीक्षेसाठी नोंदली जातात. केंटमध्ये पालकांना स्वतः नोंदणी करावी लागते. सटन ट्रस्टच्या २०१३ च्या अभ्यासानुसार ग्रामर शाळांत मोफत भोजनास पात्र अशी मुले तीन टक्क्यांहूनही कमी होती, तर निवडक पद्धत असलेल्या परिसरांत त्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. ही सारीच तफावत प्रश्नपत्रिकेच्या माथी मारता येणार नाही.

मराठी मुलखातील धागा

बुद्धिमापनाची ही परंपरा आपल्याकडे फार उशिरा आली असे नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी केलेले रूपांतर १९३४ मध्ये ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात मांडले गेले, आणि १९४० मध्ये त्यांचा ग्रंथ आला. ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव आजही प्रचारात आहे. शिष्यवृत्ती परीक्षेतील ‘बुद्धिमत्ता चाचणी’ तर मराठी घरांत एका विषयाचेच नाव होऊन बसली आहे.

निवडक शाळेच्या दृष्टीने मात्र नवोदय विद्यालयांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९८५-८६ मध्ये पहिली दोन विद्यालये निघाली, त्यांतील एक हरियाणातील झज्जर येथे व दुसरे महाराष्ट्रातील अमरावती येथे. सहावीच्या वर्गासाठी एका विद्यालयात कमाल ८० जागा, प्रादेशिक भाषांतून परीक्षा, आणि १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमतेच्या आकृतिप्रधान प्रश्नांना, असे तिचे स्वरूप आहे. या प्रश्नांचे कूळ बुद्धिमापनाच्या त्याच परंपरेत शोधावे लागते. तथापि एका बाबतीत ही योजना इंग्लंडच्या पुढे गेली. जागांचे वाटप तिने गुणांच्या आधी केले. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी, एकतृतीयांश मुलींसाठी, अनुसूचित जाती व जमातींसाठी राखीव जागा, आणि उमेदवार त्याच जिल्ह्याचा रहिवासी व तेथेच शिकणारा असावा ही अट, यांमुळे एका परगण्यातील मुलाने दुसऱ्या परगण्याच्या बाकांवरून नापास ठरण्याचा प्रकार बराच आटोक्यात आला. बाकांची संख्या मात्र ८० च राहिली, आणि त्यांच्यासाठी शिकवणीवर्ग निघायचे ते निघालेच.

अर्जाविषयी एवढे निश्चित म्हणता येत नाही. तो निःशुल्क आहे. पूर्वी तो कागदावर भरला जाई, आता संगणकावरून भरला जातो. त्यासोबत मूल शिकत असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या स्वाक्षरीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पाचवीतील मूल स्वतः होऊन अर्ज करीत नाही. एखाद्या दोनशिक्षकी शाळेतून दरवर्षी पाच अर्ज जातात, शेजारच्या गावातून वर्षानुवर्षे एकही जात नाही. निकालाच्या यादीत त्या दुसऱ्या गावाचा मागमूस नसतो. तो शोधायचा तर अर्जांच्या नोंदवह्यांतूनच, शाळावार, शोधावा लागेल.