शिडाच्या बोटीतून बेटांची सफर : क्लेटनकरांसाठी पूर्वतयारी



ग्रीस किंवा क्रोएशियाच्या बेटांमधून शिडाची बोट घेऊन हिंडावं, हे स्वप्न आमच्या गटात बरीच वर्षं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की तिथे बोट भाड्याने घ्यायला नौकानयनाचा परवाना लागतो. शिवाय सगळ्या कुटुंबाचं युरोपचं विमानभाडं! मग लक्ष गेलं क्वीन्सलँडकडे. तिथली व्हिटसंडेची ७४ बेटं आपल्याच देशात आहेत, आणि 'बेअरबोट', म्हणजे कप्तानाशिवायची बोट, तिथे परवाना नसतानाही भाड्याने मिळते.

पण "परवाना लागत नाही" एवढं ऐकून हुरळून जाऊ नका. कंपनी तुमच्या अनुभवाचा फॉर्म भरून घेते आणि निघण्यापूर्वी बोट समजावून सांगते. खात्री पटली नाही तर पहिला एखादा दिवस शिकवणारा माणूस सोबत देते, त्याचे पैसे वेगळे. फॉर्म खरा भरा. आमच्यात शीड हाताळता येणारा एकच जण होता. दुसऱ्या दिवशी नेमकी त्यालाच बोट लागली आणि तो आडवा झाला. इंजिन कसं चालू करायचं, नांगर किती साखळी सोडून टाकायचा, बाकीच्यांना काही आठवेना. बोटीवर दोन लहान मुलं आणि पोहता न येणारे आजी-आजोबा! रेडिओवरून कंपनीने एकेक पायरी सांगितली म्हणून निभावलं. बोट समजावून सांगत असताना आमच्यातल्या बायका खाली डबे लावत बसल्या होत्या, ही आमची खरी चूक. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, पण ते नौदलातले! आपल्याकडे बोट चालवता येणारे निदान दोघं हवेतच.

सरावासाठी आधी जिप्सलँड लेक्सला एक वीकेंड काढा. क्लेटनहून प्रिन्सेस हायवेने पेन्सव्हिल तीन-साडेतीन तासांवर आहे. पाणी आडोशाचं, बोटी भाड्याने मिळतात, आणि समोरच्या रेमंड आयलंडवर मुलांना कोआला दिसतात. आजी-आजोबांना बोट मानवते की नाही, हेही तिथेच कळून येईल.

व्हिटसंडेला साधारण एप्रिल ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात असतो. नवख्यांना आम्ही व्हिक्टोरियाच्या शाळांची सप्टेंबरअखेरची सुट्टी सुचवू; तेव्हा सहसा वारा जरा नरमतो, आणि नशीब असेल तर हंपबॅक देवमासेही दिसतात. दिवाळीनंतर जाऊ म्हणाल, तर नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचे दिवस. अंगभर स्टिंगर सूट घातल्याशिवाय पाण्यात उतरू नये. चक्रीवादळंही त्याच काळात येतात. मार्च २०१७ मध्ये 'डेबी'ने एअर्ली बीचचं मोठं नुकसान केलं होतं. सिड हार्बरला मात्र कुठल्याही महिन्यात पोहू नका, २०१८ मध्ये तिथे शार्कचे हल्ले झाले आहेत.

दिवसाचं गणित सोपं आहे. रात्री बोट चालवायची नाही. दुपारी चारच्या सुमारास नांगर टाकून किंवा मूरिंगला बांधून मोकळं व्हायचं आणि ठरलेल्या वेळी रेडिओवर ठावठिकाणा कळवायचा. म्हणून रोज दोन-तीन तासांचाच पल्ला ठरवा. नारा इनलेट शांत आहे, आणि तिथे न्गारो आदिवासींची गुहाचित्रं पाहता येतात. व्हाइटहेवनचा सात किलोमीटरचा पांढराशुभ्र किनारा तर चुकवूच नये. हिल इनलेटच्या टेकडीवर जायला टंग बेला उतरतात, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून, नाहीतर डिंगी कोरड्यावर पडते.

जेवणाचं म्हणाल तर बोटीवरचं गोडं पाणी टाकीत असेल तेवढंच. डाळ-तांदूळ धुण्यात आणि भांड्यांत ते भराभर संपतं. भाजणी, मेतकूट, चिवडा, लाडू क्लेटनहूनच न्या. दूध-भाजी एअर्ली बीचला मिळते. बोट लागण्यावरची गोळी निघण्याच्या आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही. मुलांच्या मापाची लाइफजॅकेट्स आहेत ना, हे बुकिंग करतानाच विचारा आणि किनारा सोडण्यापूर्वी ती घालून बघा.