पुणें केंद्राची एक विस्मृत कामगिरी

पुण्याच्या आकाशवाणी केंद्राचें नांव निघालें कीं मराठी घरांत पहिलें स्मरण होतें तें गीतरामायणाचें, आणि तें योग्यच आहे. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत ग. दि. माडगूळकरांचें काव्य व सुधीर फडके यांचें संगीत यांनीं या केंद्रास जी कीर्ति मिळवून दिली, तिला तोड नाहीं. परंतु त्या मालिकेचीं शेवटचीं गीतें ध्वनिक्षेपित होत होतीं त्याच सुमारास, म्हणजे १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, याच केंद्रावरून दुसराहि एक उद्योग चालला होता. त्याची आठवण सुशिक्षितांस जवळजवळ उरलेली नाहीं. प्रादेशिक केंद्र कशासाठीं असावें, या प्रश्नाचें उत्तर मात्र, प्रस्तुत लेखकाच्या मतें, तेथेंच शोधलें पाहिजे.

पुणें केंद्र सुरू झालें २ ऑक्टोबर १९५३ रोजीं. मुंबईस १९२७ पासून ध्वनिक्षेपण होतें. पण तें केंद्र पडलें बहुभाषी महानगराचें. देशावरच्या शेतकऱ्याशीं त्याच्या भाषेंत बोलावयास पुणें अधिक सोईचें होतें. कॅनडांत १९४१ सालीं शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें निघालीं होतीं: शेजारीपाजारी एका घरीं जमत, रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. हा प्रयोग युनेस्कोच्या साहाय्यानें भारतांत करून पाहण्याचें ठरलें, तेव्हां त्यासाठीं तत्कालीन मुंबई राज्यांतील पांच मराठी जिल्हे आणि पुणें केंद्र यांची निवड झाली.

सुमारें दीडशें गांवांत मंडळें स्थापन झालीं. प्रत्येकांत वीसेक सभासद. आठवड्यांतून दोन वेळां अर्ध्या तासाचा कार्यक्रम, आणि दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम. कार्यक्रम संपला कीं चर्चेस बसावयाचें. काय ठरलें, कोणती शंका उरली, हें कार्यवाहानें लिहून पुण्यास कळवावयाचें, आणि केंद्रानें पुढच्या एखाद्या कार्यक्रमांत त्या शंकेस उत्तर द्यावयाचें. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक नव्हे. सरकारनें बोलावें आणि प्रजेनें ऐकावें, हा आपल्याकडचा शिरस्ता जुना आहे; येथें खेड्यांतील पत्र पुण्यास जाऊन कार्यक्रमाचा विषय बनत होतें.

या प्रयोगाचें परीक्षण मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या संस्थेकडे सोंपविलें होतें. परीक्षकांनीं मंडळें असलेल्या कांहीं गांवांबरोबर मंडळें नसलेलीं गांवेंहि तपासलीं. त्यांतल्या कांहींत रेडिओ होता, कांहींत तोहि नव्हता. प्रयोगापूर्वीं व प्रयोगानंतर लोकांस प्रश्न विचारून त्यांची माहिती किती वाढली तें पाहिलें. मंडळांच्या गांवीं ती पुष्कळ वाढली होती. रेडिओ असून मंडळ नसलेल्या गांवीं वाढ अल्पच आढळली. याचा अर्थ वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. फरक पडला तो केवळ आवाजानें नव्हे. आवाज थांबल्यावर माणसें एकमेकांशीं जें बोललीं त्यानें.

शिवाय हीं मंडळें नुसतीं ऐकून थांबलीं नाहींत. गांवच्या सामायिक कामांस हात घालण्यांत तीं कित्येकदां निवडून आलेल्या ग्रामपंचायतीहूनहि त्वरेनें चालूं लागलीं. आपल्या पारावर हें पूर्वींपासून होत नव्हतें काय, असें कोणी विचारील. होत असे, पण पारावर कोणीं बोलावें आणि कोणीं बोलूं नये, हें आधींच ठरलेलें असे. मंडळांत तो भेद समूळ गेला असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. तथापि शंका कागदावर उतरून पुण्यास जावयाची असली, म्हणजे विचारणाऱ्यास थोडें बळ येतें.

१९५९ पासून ही योजना देशभर पसरली, आणि माझ्या समजुतीप्रमाणें तेथूनच तिचें सत्त्व उणावूं लागलें. पुण्याच्या प्रयोगांत मंडळांची देखभाल करावयास खास संघटक नेमलेले होते. मंडळांची संख्या वाढविणें सोपें. प्रत्येक पत्र वाचून उत्तर देणारीं आणि गांवोगांव फिरणारीं माणसें त्या प्रमाणांत वाढविणें कठीण. पुढें ट्रान्झिस्टर आला, स्वस्त झाला, आणि जो तो आपल्या ओसरीवर बसून ऐकूं लागला. त्याबद्दल दोष कोणास द्यावा? आपल्या घरीं रेडिओ असावा ही इच्छा कांहीं पाप नव्हे. पण एकत्र बसण्याचें निमित्त तेवढें गेलें.

या प्रयोगाचा वृत्तांत आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक व हिंदी नाटककार जगदीशचंद्र माथुर आणि व्हिएन्नांत जन्मलेले अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयरात यांनीं मिळून लिहिला. युनेस्कोनें तो १९५९ सालीं प्रसिद्ध केला. तो इंग्रजींत आहे. पुणें जिल्ह्याच्या आसपासचे शेतकरी दहा आठवडे काय बोलले, हें मराठी वाचकास असें परभाषेंतून वाचावें लागतें.