नवोदित शेतकऱ्यांचे प्रशिक्षण व अर्थसाहाय्य (महाराष्ट्र)

नवोदित शेतकऱ्यांचे प्रशिक्षण व अर्थसाहाय्य म्हणजे शेती किंवा शेतीपूरक व्यवसाय नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी शासन आणि शासनपुरस्कृत संस्था यांच्यामार्फत दिले जाणारे शिक्षण, मार्गदर्शन व अनुदान होय. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतचा अनुभव असलेला शेतकरी 'नवोदित' मानला जातो आणि अशांना शिकवणाऱ्या संस्थांना २००८ च्या कृषी कायद्यानुसार अनुदान मिळते. महाराष्ट्रात असा एकच स्वतंत्र कार्यक्रम नाही. हे काम अनेक योजनांत विभागलेले असून त्यांतील बऱ्याच यंत्रणांची कार्यालये पुणे शहरात आहेत.

पार्श्वभूमी

पुण्यात कृषिशिक्षणाचे वर्ग १८७९ मध्ये विज्ञान महाविद्यालयाला जोडून सुरू झाले. पुढे १९०७-०८ च्या सुमारास स्वतंत्र कृषी महाविद्यालय आकारास आले. त्याचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. गावातील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मधील सुमारे ४० एकरांवरून १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचे तीत दिसून आले. ही घट पुढेही चालू राहिली. कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर झाले. त्यामुळे वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवर विसंबून नव्या पिढीला शेतीत उभे राहणे अवघड झाले आहे.

प्रशिक्षण

जिल्हा पातळीवरील प्रशिक्षण प्रामुख्याने कृषी विज्ञान केंद्रांमार्फत होते. भारतीय कृषी अनुसंधान परिषद या केंद्रांना निधी पुरवते. पुणे जिल्ह्यात बारामती व नारायणगाव येथे अशी केंद्रे आहेत. तळेगाव दाभाडे येथील संस्थेत हरितगृह व्यवस्थापन व काढणीपश्चात तंत्रज्ञान शिकवले जाते. राज्याच्या कृषी विभागाचे आयुक्तालय पुण्यात असून विस्तारकार्याचे नियंत्रण तेथून चालते.

प्रमुख योजना

कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना : केंद्र शासनाने ९ एप्रिल २००२ रोजी ही योजना सुरू केली. कृषी पदवीधर व पदविकाधारकांना निःशुल्क निवासी प्रशिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष मार्गदर्शन मिळते. बँकेच्या कर्जाशी निगडित अनुदान सर्वसाधारण गटासाठी ३६ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठी ४४ टक्के आहे. हे अनुदान नाबार्डमार्फत येते. नाबार्डचे महाराष्ट्र प्रादेशिक कार्यालय पुण्यात आहे.

कृषी नवोद्योग साहाय्य : राष्ट्रीय कृषी विकास योजनेअंतर्गत दोन महिन्यांच्या प्रशिक्षणकाळात दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन, कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत व बीजभांडवल म्हणून २५ लाखांपर्यंत अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना : राज्य शासनाने २००४ मध्ये सुरू केलेल्या या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबांना ४ एकर जिरायती किंवा २ एकर बागायती जमीन दिली जाते. प्रारंभी निम्मी रक्कम अनुदान व निम्मी कर्ज अशी होती. २०१८ पासून पूर्ण रक्कम अनुदान म्हणून देण्यात येऊ लागली.

मर्यादा

महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी किंवा शेतमजूर नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. शेतजमीन बिगरशेतकऱ्यांच्या हाती जाऊ नये, हा या तरतुदीचा हेतू आहे. मात्र शेतकरी कुटुंबाबाहेरून येणाऱ्या होतकरू तरुणापुढे तीच पहिली अडचण ठरते.

अनेक योजनांत सातबारा उतारा आवश्यक असतो. त्यामुळे वाट्याने वा तोंडी खंडाने जमीन कसणारे, तसेच उताऱ्यावर नाव नसलेल्या शेतकरी स्त्रिया लाभापासून दूर राहतात. कर्जाशी निगडित अनुदान शेवटी कर्जखात्यात वळते होते. म्हणून ज्याला तारण देता येत नाही व कर्ज मिळत नाही, त्याला प्रशिक्षण पूर्ण करूनही अनुदान मिळत नाही. भूमिहीनांच्या योजनेत शासकीय दराने जमीन विकणारे मिळणे हीच मुख्य अडचण राहिली आहे.