फ्रेंचांची मराठी आणि मराठी माणसांची फ्रेंच

प्रवरा नदी अकोले तालुक्यातून खाली उतरते आणि संगमनेरला म्हाळुंगीला भेटते. याच नदीच्या वरच्या अंगाला, धामणगावात, दया पवार यांचा जन्म झाला आणि संगमनेरच्या वसतिगृहात राहून त्यांनी शाळेचे शिक्षण घेतले. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘बलुतं’ या आत्मकथनाने मराठी वाचकाला खडबडून जागे केले, हे सर्वश्रुत आहे. तेच पुस्तक १९९० मध्ये फ्रेंच भाषेत पॅरिसहून प्रसिद्ध झाले, ही गोष्ट मात्र आपल्या भागात फारशी कुणाच्या कानावर नाही. प्रवरेकाठच्या महारवाड्याचे दुःख सेन नदीच्या काठी कुणी वाचावे, यासाठी कुणाला तरी दोन्ही भाषा याव्या लागल्या. तो ‘कुणीतरी’ कोण होता, या प्रश्नाचा माग घेत गेल्यावर आम्हांला चारशे वर्षांचा एक इतिहास गवसला. तोच वाचकांपुढे ठेवावा, असे मनात आहे.

त्याला एक निमित्तही आहे. आपल्या धर्मग्रामांतील काही तरुण-तरुणी नोकरीसाठी, काही धर्मभगिनी आफ्रिकेतील सेवाकार्यासाठी, तर काही गृहस्थ केवळ हौसेने आज फ्रेंच शिकू पाहतात. त्यांतील पुष्कळांच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येते : “आता या वयात कुठली भाषा येणार?” या वाक्यातील भीती खोटी नाही. परंतु ती अजिंक्य आहे काय, हे इतिहासालाच विचारलेले बरे.

‘बलुतं’ फ्रेंचमध्ये नेणारे गृहस्थ म्हणजे गी प्वातव्हँ. १९३४ साली फ्रान्समध्ये जन्मलेले हे विद्वान १९७२ मध्ये भारतात आले, तेव्हा त्यांचे वय ३८ च्या आसपास होते. मराठी त्यांनी त्यानंतर आत्मसात केली. पुण्यात राहून, हेमा राईरकर यांच्यासह, मावळातील आणि इतर भागांतील खेड्यापाड्यांतून त्यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम उभे केले. या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पहाटेच्या अंधारात दळताना बाई जी मराठी बोलते, ती कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. ती कान देऊन, माणसांत बसूनच शिकावी लागते. प्वातव्हँ यांनी १९७९ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले आणि २००४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आधी गी दलरी हे फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू पुण्यात होते. तुकोबांच्या अभंगांचा त्यांनी केलेला फ्रेंच अनुवाद १९५६ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला; विठ्ठल संप्रदायावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. पंढरीच्या वाटेवरचे शब्द ज्याला परके होते, अशा माणसाने ते प्रौढपणी आपलेसे केले आणि आपल्या मायभाषेच्या ओंजळीत घातले.

ही परंपरा आणखी मागे जाते. सतराव्या शतकाच्या आरंभी एतियेन द ला क्रुवा हे फ्रेंच येशूसंघीय गोव्यात आले. त्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात त्यांचा संत पेत्रावरील ओवीबद्ध पुराणग्रंथ गोव्यातच छापून निघाला. हा ग्रंथ मराठी भाषेत आहे. म्हणजे शिवरायांच्या बालपणी एक फ्रेंच माणूस मराठीत ओव्या रचीत होता! त्यांच्यापुढे आदर्श होता तो अर्थात फादर थॉमस स्टीफन्स यांचा. हे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये, वयाच्या तिशीत, गोव्यात उतरले आणि १६१६ मध्ये राशोल (रायतूर) येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. पहिले पाऊल आणि तो ग्रंथ यांच्यामध्ये सदतीस वर्षे गेली, हे विसरून चालणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पन्नासाव्या दिवशी प्रेषितांना परक्या भाषा दान म्हणून लाभल्या, असे शास्त्र सांगते. साष्टीतल्या या धर्मगुरूंना तसे दान मिळाले नाही. त्यांना कष्ट करावे लागले. आणि स्वतःचे कष्ट पुढच्याला थोडे कमी पडावेत, म्हणून स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण लिहून ठेवले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राशोलला छापले गेले. आधी चढलेल्याने मागून येणाऱ्यासाठी पायरी बांधावी, ही कल्पना त्या व्याकरणाच्या मुळाशी आहे. आजच्या भाषावर्गांचा पायाही तोच होय.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. प्रौढांना भाषा शिकविण्याचा हा सरकारी प्रयत्न होता असे म्हणा. परंतु त्यात दरारा होता, जिव्हाळा नव्हता. तीन वर्षे उलटली, तीनशे वर्षे उलटली, आणि कोकणी जिवंत राहिली. एका बाजूस स्वेच्छेने मराठी शिकून ओव्या लिहिणारा फ्रेंच, आणि दुसऱ्या बाजूस हुकमाने भाषा लादणारी सत्ता. दोन्ही घटना एकाच भूमीवर, एकाच शतकात घडल्या. प्रौढ माणसाला भाषा येते ती त्याच्या मनाने कौल दिला तर, हा धडा आम्ही त्यातून घेतो.

आपल्या अहमदनगर जिल्ह्याला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, हा धडा नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे जर्मन येशूसंघीय आले. त्यांतील फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये केंदळहून ‘निरोप्या’ सुरू केला. ज्यांची मातृभाषा जर्मन, त्यांच्या हातून मराठी कॅथलिक समाजाला त्याचे मासिक मिळाले! पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना हा देश सोडावा लागला. पुढे स्विस धर्मगुरू आले. त्यांनाही मराठीची बाराखडी पहिल्यापासून गिरवावी लागली. १९४८ मध्ये भारतात आलेले फादर हर्मन बाखर हे त्यांतलेच. पाणलोट विकासाच्या त्यांच्या कार्याचा स्पर्श संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या कोरडवाहू गावालाही झाला. शेतकऱ्यांशी बांधावर बसून बोलता आले नसते, तर ते पाणी अडले असते काय?

आता उलट दिशेने पाहू. मराठी माणूस फ्रेंचकडे कसा वळला? सर्वांत ठळक उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे. १९०८ मध्ये त्यांना शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली, तेव्हा त्यांनी बावन्न वर्षे पूर्ण केली होती. त्या तुरुंगवासात, १९१४ पर्यंत, त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. त्याचबरोबर पाली, जर्मन आणि फ्रेंच या भाषांचा पुस्तकांच्या आधारे अभ्यास केला. युरोपीय पंडितांचे विचार मुळातून वाचता यावेत, हा त्यामागचा हेतू. तेथे सोबतीला वर्ग नव्हता, शिक्षक नव्हता. वाचनापुरती भाषा एकांतात साधते. टिळकांनी ती साधली. बोलण्याची भाषा मात्र दुसऱ्या माणसावाचून येत नाही.

ही दुसरी गरज भागविणाऱ्या संस्था कालांतराने उभ्या राहिल्या. फ्रेंच भाषेच्या प्रसारासाठी ‘आलियाँस फ्राँसेझ’ ही संस्था पॅरिसला १८८३ मध्ये स्थापन झाली. मुंबईत तिचे कार्य १९३८ पासून चालू आहे. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजच्या रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचे वर्ग अनेक दशके भरत आले. दिवसभर कचेरीत फायली उपसलेला कारकून, महाविद्यालयातील विद्यार्थिनी आणि निवृत्त शिक्षक एकाच बाकावर बसून प्रमाणपत्र, मग पदविका, मग उच्च पदविका अशा पायऱ्या चढत. संगमनेरहून पुणे सुमारे १४० किलोमीटर आणि नाशिक त्याच्या निम्म्या अंतरावर. त्यामुळे आपल्याकडच्यांना हे वर्ग दीर्घकाळ दूरच राहिले. आता संगणकावरून घरबसल्या वर्गात बसता येते, एवढा फरक पडला आहे.

पायऱ्यांची ही कल्पना हळूहळू शास्त्रशुद्ध होत गेली. १९५० च्या दशकात फ्रान्समधील भाषातज्ज्ञ जॉर्ज गुगेनेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांची प्रत्यक्ष संभाषणे ध्वनिमुद्रित करून, नित्य वापरातले शब्द कोणते ते मोजले. त्यातून निघालेल्या पहिल्या टप्प्याच्या यादीत जेमतेम दीड हजार शब्द होते. नवख्याने आधी हे शब्द बोलावेत आणि अवजड साहित्य मागाहून वाचावे, असा त्याचा रोख होता. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या निश्चित केल्या : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. पहिल्या पायरीवर स्वतःचे नाव-गाव सांगता आले की पुरे. चौथीवर वाद घालता यावा. सहावीवर जवळजवळ सर्व काही समजावे. फ्रेंच सरकारची ‘देल्फ’ परीक्षा पहिल्या चार पायऱ्यांसाठी असते. ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे या चौघांना प्रत्येकी २५ गुण. एकूण १०० पैकी ५० मिळाले आणि एकाही विभागात पाचांच्या खाली घसरण झाली नाही, की उमेदवार उत्तीर्ण.

मराठी माणूस या जिन्याशी रिकाम्या हाताने येत नाही, असा आमचा दावा आहे. फ्रेंचमध्ये जवळच्या माणसाला ‘त्यू’ आणि मान्यवराला ‘वू’ म्हणतात. केवळ इंग्रजी जाणणाऱ्याला हा भेद शिकवावा लागतो. आपल्याला आई ‘तू’ आणि गुरुजी ‘तुम्ही’ हे पाळण्यातच कळलेले असते. निर्जीव वस्तूंना लिंग असते, याचेही आपल्याला नवल वाटत नाही. फक्त आपले ‘ते’ टेबल तिकडे ‘ती’ होते, एवढे पाठ करावे लागते. आपल्याकडे पुरुष ‘गेलो’ म्हणतो आणि स्त्री ‘गेले’. फ्रेंचमध्येही या क्रियापदाचे रूप लिहिताना स्त्रीसाठी एक अक्षर वाढते, जरी कानाला फरक जाणवत नाही. लिहायचे पण उच्चारायचे नाही, हा प्रकार ऐकून कुणी हसेल, तर त्याने आजोबांची जुनी पत्रे काढून पाहावीत. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी आपणही ‘नांव’ आणि ‘कांहीं’ यांवर न उच्चारलेले अनुस्वार देतच होतो.

सर्वांत मौज आकड्यांची. फ्रेंच माणूस ऐंशीला ‘कात्र् व्हँ’ म्हणतो, म्हणजे ‘चार वीस’. शहरी विद्यार्थी येथे अडखळतात. परंतु आमच्या खेड्यातली म्हातारी माणसे शेळ्या आणि भाकरी ‘एक इसा, दोन इसा’ अशाच मोजीत असत. चार विसा म्हणजे ऐंशी! जी गणती अडाणीपणाची खूण म्हणून शाळेने पुसून टाकली, तीच पॅरिसच्या पेढीत रोज चालते. आपल्या आजीच्या बोलीला कमी लेखू नये, हे एका परक्या भाषेने आपल्याला शिकवावे, यात थोडा विनोद आहे आणि थोडी खंतही आहे.

मग प्रौढाला अडचण कशाची? बहुधा लाजेची. मूल चुकते आणि लगेच विसरते. चाळिशीचा माणूस चुकतो आणि आठवडाभर मनात घोळवीत बसतो. घरात तो कर्ता असतो, कचेरीत साहेब असतो, आणि येथे त्याला ‘माझे नाव अमुक’ एवढे वाक्यसुद्धा धड जुळवता येत नाही. या लाजेवर एकट्याने इलाज सापडत नाही. समूहवर्गात मात्र शेजारचाही तितकाच अडखळतो. त्याला पाहून धीर येतो, त्याला सांगताना आपले पक्के होते, आणि त्याच्यासाठी म्हणून पुढच्या आठवड्यात जावेसे वाटते. पायरी बेताची असली म्हणजे पाय थकत नाही आणि सोबत असली म्हणजे वाट लांब वाटत नाही, हे पंढरीच्या आणि माउंट मेरीच्या यात्रेकरूंना वेगळे सांगायला नको.

आपल्या पोरांनी आणि थोरांनी फ्रेंच शिकावी ती मराठी टाकून नव्हे. १६८४ च्या फर्मानाने जे मागितले, ते कुठल्याही भाषावर्गाने मागू नये आणि आपणही देऊ नये. क्रुवा यांनी फ्रेंच सोडली म्हणून मराठी आली असे नाही. प्वातव्हँ यांची फ्रेंच शाबूत होती, म्हणूनच संगमनेरला शिकलेल्या लेखकाची कहाणी फ्रान्सपर्यंत पोहोचली. आजवर हे काम बहुतांशी त्यांच्या बाजूच्या माणसांनी केले. ‘ख्रिस्तपुराणा’ला चारशे वर्षे होऊन गेली, आता आपल्या धर्मग्रामांतून कुणी असे निघावे की ज्याने आपल्या मराठीची शिदोरी घेऊन तिकडची वाट चालावी आणि येताना तिकडचे काही चांगले आपल्या वाचकांसाठी आणावे. त्याचे वय विशीचे आहे की पन्नाशीचे, हा प्रश्न इतिहासाने केव्हाच निकालात काढला आहे.