गीत आणि गणती



परतवाड्याहून धारणीकडे जातांना सिपना नदीच्या कांठीं सेमाडोह हें गांव लागतें. तेथील शाळेंत मीं कांहीं वर्षें अध्यापन केलें. त्या काळांत कोरकू गीतांनीं मला जो इतिहास शिकविला, त्याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

सन १८९९ सालीं पावसानें दगा दिला. विक्रम संवत् १९५६ वरून लोक त्यास 'छप्पन्नाचा दुष्काळ' म्हणतात. वऱ्हाडच्या सपाटीवर कापसाचा पैसा होता आणि आगगाडीनें धान्य येऊं शकत होतें. मेळघाटांत मात्र रूळ नव्हते, आणि डोंगरउतारावरची कोदो-कुटकी सर्वस्वीं आभाळाच्या स्वाधीन होती. भुकेच्या पाठोपाठ रोगराई आली. १८९१ च्या शिरगणतींत मेळघाट तालुक्यांत सुमारें ४७ हजार माणसें होतीं. १९०१ मध्यें तीं सुमारें ३७ हजार भरलीं.

हे आंकडे मला पाठ होते. एके दिवशीं एका वृद्ध कोरकू बाईनें आपल्या आजीपासून आलेलें गीत मला ऐकविलें. मीं वही काढून विचारलें, "आजी, हें कोणत्या सालचें?" ती म्हणाली, "साल कशाला, गुरुजी? माणसांचीं नांवें आहेत कीं त्यांत." मी ओशाळलों. शिरगणतीनें दहा हजारांची उणीव नोंदविली. नांव एकाचेंही नोंदविलें नाहीं.

कोरकू लोक मृतांसाठीं सिडोलीचा विधि करतात. लाकडी खांबावर चंद्रसूर्य कोरून तो उभारतात आणि गीतवाद्यांनीं मृतांस निरोप देतात. ज्या समाजाची भाषा लेखनांत फारशी आली नाहीं, त्याचें दप्तर हेंच. आयर्लंडमध्यें १८४५ पासून बटाट्याचें पीक बुडालें व सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं. तेथील खेड्यांनींही तें दुःख गाण्यांत जपलें.

गीतांत सर्व कांहीं सांपडतें, असें मात्र मी म्हणत नाहीं. धान्य वेळेवर कां पोहोंचलें नाहीं, हें गीत सांगत नाहीं. त्यासाठीं सरकारी कागदच चाळावे लागतात. परंतु नुसत्या कागदांनीं माणूस दिसत नाहीं. १९९३ च्या सुमारास मेळघाटांतील बालमृत्यूंनीं महाराष्ट्र हळहळला, तेव्हांही आपल्या ध्यानांत राहिले ते आंकडेच.

आम्हीं शाळेंत मुलांस मराठी शिकविली, तें योग्यच झालें. पण त्यांच्या आजीचें गाणें घरीं ठेवून या, असेंही न बोलतां शिकविलें. ती चूक माझीही आहे. म्हणून तरुण शिक्षकांस विनंति आहे : वही उघडा, आजीपाशीं बसा, आणि सालाच्या आधीं नांवें लिहून घ्या.