ओटाय डोंगर
१७. ओटाय : अमेरिकेत सॅन डिएगोच्या आग्नेयेला, मेक्सिकोच्या सीमेलगतचा सुमारे ३,५६६ फुटांचा डोंगर. ‘वैमानिक वाट चुकला’ हे लेखकाचे विधान फारच ढोबळ आहे. १६ मार्च १९९१ रोजी मध्यरात्र उलटल्यावर ब्राउन फील्ड विमानतळावरून निघालेले छोटे जेट या डोंगरावर आदळले. गायिका रीबा मॅकेन्टायर यांच्या संचातले आठ जण आणि दोन्ही वैमानिक ठार झाले. (मॅकेन्टायर स्वतः विमानात नव्हत्या.) मार्गाची परवानगी हवेत गेल्यावर घ्यायची, तोवर नजरेच्या भरवशावर उडायचे, असा बेत होता. शहरावरच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात विनापरवाना शिरायला नको, म्हणून ३,००० फुटांखाली राहावे का, असे वैमानिकाने आधी फोनवर विचारले. पलीकडून होकार आला. पुढच्या डोंगराच्या उंचीची पुरेशी माहिती मात्र मिळाली नाही. वस्ती नसलेल्या उतारावर दिवे नसतात; अंधारात डोंगर आणि आकाश वेगळे काढता येत नाहीत. विमान धडधाकट होते, हे वाचकाने विसरू नये. त्याहून खेदाची बाब अशी की २४ ऑक्टोबर २००४ रोजी, पुन्हा मध्यरात्रीनंतरच, त्याच विमानतळावरून तशाच पद्धतीने निघालेले हवाई रुग्णवाहिका सेवेचे लिअरजेट याच डोंगराला धडकले. पाच जण गेले. या वेळी चौकशीत वैमानिकांबरोबर नियंत्रकावरही ठपका आला : त्याने सांगितलेल्या दिशेला डोंगर होता आणि संगणकाने दिलेला कमी उंचीचा इशारा त्याने वैमानिकांना कळवला नाही. – संपा.