मेलबर्नचे तीन गोल

कल्याण सोडले की कसाऱ्याच्या वाटेवरचे पहिले स्टेशन आमचे शहाड. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला रेयॉनचा कारखाना. पाऊस लागला की इथल्या मोकळ्या जागांत चिखल होतो आणि त्या चिखलात पोरे फुटबॉल घेऊन उतरतात. अंगात पिवळी-निळी बनियने आणि पाठीवर परदेशी खेळाडूंची नावे. त्यात वाईट काही नाही. गुणी माणूस कुठल्याही देशाचा असो, त्याचे नाव पाठीवर मिरवायला हरकत कसली? पण त्या पोरांना विचारावे, 'बाळांनो, ऑलिंपिकच्या एकाच सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू कोण?' तर उत्तर येत नाही. खरे सांगायचे तर त्यांच्या मास्तरांकडूनही येत नाही. म्हणून आज त्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. त्याचे नाव नेव्हिल डिसूझा.

नेव्हिलचा जन्म १९३२ सालचा, गोव्यातल्या आसगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. पोटापाण्यासाठी मुंबईला येणारी गोव्याची माणसे नोकरीबरोबर दोन गोष्टी हमखास आणीत, एक संगीत आणि दुसरा फुटबॉल. नेव्हिल खेळाडू म्हणून नावारूपाला आला तो मुंबईत. टाटांच्या संघाकडून तो कूपरेजच्या मैदानावर खेळे. त्याची जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे आघाडीच्या फळीत मधोमध. गोल करणे हेच या गड्याचे काम. बाकीच्यांनी नांगरट-पेरणी करायची आणि याने ऐन वेळी कापणी साधायची. काम सोपे दिसते, पण कापणीची वेळ चुकली तर सगळ्यांचे कष्ट पाण्यात जातात.

आता त्या आधीची थोडी हकिकत ऐका. १९४८ साली स्वतंत्र भारताचा संघ लंडनच्या ऑलिंपिकला गेला. आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २ विरुद्ध १ असे थोडक्यात हरले. लोकांनी वाहवा केली. चार वर्षांनी हेलसिंकीला मात्र युगोस्लाव्हियाने आपला १० विरुद्ध १ असा धुव्वा उडवला. अनवाणी खेळण्याचे कौतुक तिथे संपले. बूट घालून खेळायला शिकल्याशिवाय गत्यंतर नाही, हे सर्वांना उमगले.

हे शिकवायला माणूस भेटला तोही नामी. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. शिक्षक बंधू-भगिनींनी इथे जरा कान द्यावा, कारण रहीमसाहेब मुळात शाळामास्तर होते. खेळाडूंना शिकवण्याची त्यांची रीतही मास्तरचीच. ज्याचा उजवा पाय चांगला, त्याला ते डाव्या पायानेच खेळायला लावीत. जे येते तेच घोकत बसू नका, जे येत नाही त्याला हात घाला, असा त्यातला धडा.

१९५६ साली रहीमसाहेबांचा संघ मेलबर्नला गेला. कप्तान होते समर बॅनर्जी, ज्यांना सारे बद्रू म्हणत. पहिला सामना हंगेरीशी ठरला होता, पण हंगेरीचा संघ उतरलाच नाही. त्याच शरद ऋतूत हंगेरीत लोकांचा उठाव झाला होता आणि नोव्हेंबरात रशियन रणगाड्यांनी तो चिरडला होता. आपण न खेळताच पुढच्या फेरीत गेलो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे विसरू नये. मैदान चारी बाजूंनी कितीही आखले, तरी जगातल्या घडामोडी त्या रेषा ओलांडून आत येतातच.

१ डिसेंबर १९५६. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा. मध्यंतरापूर्वी ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली. असे दोनदा पुढे जाऊन दोनदा मागे खेचले गेले की भल्याभल्यांचे अवसान गळते. पण मध्यंतर संपून पाच मिनिटे होतात न होतात तोच नेव्हिलने तिसरा गोल चढवला. पुढे कृष्णस्वामी, म्हणजे सर्वांचा किट्टू, याने चौथा केला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. चोवीस वर्षांच्या या पोराने एका दुपारी जे केले, ते ऑलिंपिकमध्ये त्यापूर्वी कुठल्याच आशियाई खेळाडूने केले नव्हते. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचणारा आशियातला पहिला देशही भारतच ठरला.

उपांत्य सामना पुन्हा त्याच युगोस्लाव्हियाशी! दहा गोलांची जखम अजून ओली होती. मध्यंतरापर्यंत कोणाचाच गोल नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत पुढे गेला! पण हा आनंद दोनच मिनिटे टिकला. प्रतिपक्षाने लागोपाठ गोल केले, एक गोल तर आपल्याच गड्याकडून आपल्यावर झाला, आणि सामना ४ विरुद्ध १ असा गेला. त्या काळी आपल्याकडचे सामने पुष्कळदा ७० मिनिटांचे असत, ऑलिंपिकचा सामना ९० मिनिटांचा. दमसास हीदेखील सवयीची गोष्ट आहे आणि ती सवय आपल्याला नव्हती. पुढे तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाशी गाठ पडली. तिथेही तीन गोलांनी हार झाली. भारत चौथा आला.

एकंदर चार गोल करून नेव्हिल त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरला. दुसरे दोघे होते बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच. त्या दोघांचे संघ पदके घेऊन घरी गेले. आपला गडी रित्या हाताने आला.

आणि इथेच खरी गोम आहे. पहिल्या तिघांना पदक मिळते, चौथ्याला काही नाही. तिसरा आणि चौथा यांत अंतर असते ते एका सामन्याचे, पण इतिहासाच्या पुस्तकात ते अंतर फार मोठे होऊन बसते. १९५८ साली मुंबईच्या कॅल्टेक्स संघाने रोव्हर्स कप जिंकला, त्यात नेव्हिल होता. पण मेलबर्नसारखा दिवस पुन्हा उगवला नाही. १९६१ साली सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केले. नेव्हिलला तो कधीच मिळाला नाही. १९८० च्या मार्च महिन्यात मुंबईत तो वारला. वय अवघे सत्तेचाळीस.

कोणी म्हणेल, ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक ही काय एवढी मिरवण्याची गोष्ट? मी म्हणतो, आकडे पाहा. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर आपला पुरुषांचा फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या मैदानावर एकदाही उतरू शकलेला नाही. मग त्या चौथ्या क्रमांकाची उंची ध्यानात येते. डोंगरावरून आपण किती खाली आलो, हे कळायला आधी आपण डोंगरावर होतो हे तरी ठाऊक पाहिजे. ज्याला ते ठाऊक नाही, तो 'हे आपल्या लोकांचे कामच नव्हे' म्हणून मोकळा होतो. विस्मृतीने होणारा खरा तोटा हा आहे. गेलेल्या माणसाचे त्यात काही जात नाही, जाते ते येणाऱ्या पोराचे.

म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. शाळेच्या पटांगणात फुटबॉलचा तास असेल, तेव्हा पाच मिनिटे काढून ही गोष्ट मुलांना सांगा. आणि तेवढ्यावर थांबू नका. तुमच्याही गावात कोणी जुना कुस्तीगीर, कबड्डीपटू, खो-खोचा गडी असेल. मुलांना वही घेऊन त्याच्या ओसरीवर पाठवा. कुठे खेळलात, कोणाशी खेळलात, कोण जिंकले, हे साल-तारखेसह उतरवून घेऊ द्या. पदके कपाटात राहतात, पण आठवण कोणीतरी लिहून ठेवली तरच राहते.

उद्या आमच्या शहाडच्या चिखलात एखादे पोर जोरात चेंडू मारील आणि ओरडेल, 'मी नेव्हिल!' तो दिवस मला पाहायचा आहे. चौथ्या क्रमांकाचे पदक नसते. पण तेवढे झाले, तर नेव्हिलला ते मिळाले असे मी समजेन.